मोरीतलं पाणी जातं कुठं?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात आमच्या घरी भांडी घासायला राख परत आली. चूल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. गावाकडून चुलतभाऊ पोत्यात पऱ्हाट्यांची राख घेऊन आला, आईनं ती पिठाच्या चाळणीनं चाळली आणि जुन्या तेलाच्या डब्यात भरून मोरीजवळ ठेवली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळाला महिना महिना पाणी नव्हतं आणि पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. २०११ च्या जनगणनेतली शहराची लोकसंख्या धरली तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास.

त्या दिवसांत आई भांडी कशी घासायची ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. आधी ताटातलं खरकटं निपटून काढायचं. मग नारळाच्या शेंडीवर चिमूटभर राख, वर पाण्याचे चार थेंब, आणि ताट गरगर घासायचं. तेल-तुपाचा ओशटपणा राखेत उतरला की ताट कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि शेवटी एकदाच, तांब्याभर पाण्यात चार ताटं विसळायची. साबणाच्या वडीनं घासलेल्या ताटाला दोन-तीन पाणी लागायचे, कारण फेस जाता जात नाही. आम्ही मोजून पाहिलं होतं. रात्रीच्या भांड्यांना साबणानं दोन घागरी लागत, राखेनं एक पुरे व्हायची.

पाणी आल्यावर राखेचा डबा गेला. आमच्याच नाही, सगळ्यांच्याच घरातून गेला. मला तो डबा परत आणायचा नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. घरात बनवलेली साफसफाईची साधनं हा विषय आपल्याकडे एकतर आजीच्या आठवणींत जातो, नाहीतर आरोग्याच्या भीतीत. ‘नैसर्गिक ते चांगलं, दुकानातलं ते विष’, एवढ्यावर चर्चा संपते. मराठवाड्यात हा विषय आधी पाण्याचा आहे. एखादं साधन वापरायचं की नाही हे ठरवताना तीनच गोष्टी बघायला हव्यात: आपल्या पाण्यात ते काम करतं का, धुऊन काढायला किती पाणी लागतं, आणि मोरीतून गेल्यावर ते पाणी कुठं जाऊन काय करतं. या तीन प्रश्नांवर दुकानातल्या बऱ्याच वस्तू नापास होतात. घरगुती उपायांपैकीही पुष्कळ नापास होतात, आणि तेही स्पष्ट बोललं पाहिजे.

सुरुवात पाण्यापासून करू. आपल्या बोअरचं पाणी जड आहे हे सांगायला कुणाची गरज नाही. बादलीच्या कडेला पांढरी रेघ, नळाच्या तोंडाला खडा, गिझरच्या कॉइलवर खपली आणि डाळ शिजायला लागणारा वेळ सगळं सांगतो. काळ्या पाषाणाच्या भेगांतून फिरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. साबण या क्षारांना चिकटतो, त्याचा चिकट करडा लगदा होतो, फेस येतच नाही. मग आपण काय करतो? आणखी पावडर टाकतो. बादलीत टाकलेल्या पावडरीचा बराचसा भाग कपड्यातला मळ काढण्याआधी पाण्यातले क्षार बांधण्यातच खर्ची पडतो. तेवढे पैसे वाया, आणि ती जादा पावडर धुऊन काढायला पुन्हा पाणी.

याला उपाय किराणा दुकानात पिढ्यान् पिढ्या आहे: धुण्याचा सोडा. खायचा सोडा नव्हे. तो वेगळा, बराच सौम्य, आणि कपड्यांसाठी फारसा उपयोगाचा नाही. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो पाण्यातला कॅल्शियम पकडून चुनखडीसारखा तळाशी बसवतो, पाणी मऊ होतं आणि मग निम्मी पावडर पुरते. हिशोब सोपा आहे. पाण्यातल्या या क्षारांचं माप म्हणजे कठीणपणा. तो लिटरमागे ३०० मिलिग्रॅम असेल, तर २० लिटरच्या बादलीला सुमारे ६ ग्रॅम कोरडा सोडा लागतो, म्हणजे चहाचा एक चमचा. सोडा आधी विरघळवायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग पावडर टाकायची. दोन्ही एकदम ओतले तर क्षार साबणालाच आधी धरतात. रेशमी आणि लोकरी कपड्याला मात्र सोडा लावू नये, आणि जर्मनच्या भांड्याला तर मुळीच नाही. ॲल्युमिनियम काळं पडतं आणि झिजतं. राखेचंही तसंच आहे, कारण राखेत पोटॅशियमचा खार असतो, म्हणजे सोड्यासारखाच आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. स्टील आणि लोखंडी तव्याला राख चालते, जर्मनच्या पातेल्याला नाही.

बोअरच्या पाण्यात कठीणपणा किती, हा आकडा आपल्याला माहीत असू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि त्या किटमध्ये कठीणपणाचीही चाचणी असते. म्हणजे गावातल्या कुणीतरी बाईच्या वहीत हा आकडा आहे किंवा असायला हवा. पण तो वहीतून मोरीपर्यंत येत नाही. आला, तर प्रत्येक घराला कळेल की आपल्या बादलीला सोडा अर्धा चमचा की दीड. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण विज्ञान शाळेत शिकवतो, कठीण पाणी आणि मऊ पाणी परीक्षेत विचारतो आणि घरी येऊन त्याच पाण्याशी रोज भांडतो.

आता दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे आम्लाकडे. नळावरचे, टाइलवरचे, संडासच्या भांड्यावरचे पांढरे-पिवळे डाग मळाचे नसतात, क्षारांचे असतात. ते घासून जात नाहीत, आम्लानं विरघळतात. म्हणूनच बाजारात मिळणारं ‘ॲसिड’ इतकं खपतं. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत, लेबल नाही, झाकण सैल, दहा-वीस रुपयांत. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आमच्या गल्लीत एका घरी असली बाटली फ्रीजशेजारी ठेवली होती आणि चार वर्षांच्या पोरानं ती तोंडाला लावली. पोरगं वाचलं, पण पुढं कितीतरी महिने त्याला घन अन्न गिळता येत नव्हतं. आणखी एका घरी न्हाणी लवकर चकाचक व्हावी म्हणून आधी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली आणि वरून ॲसिड ओतलं. ब्लीचिंगवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. दार बंद होतं. बाईला खोकत खोकत बाहेर ओढून काढावं लागलं. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर नोंदवही आणि ओळखपत्राची बंधनं घातली. ती ॲसिडहल्ले रोखण्यासाठी होती. तरीही बिनलेबलाची बाटली आजही कोपऱ्यावरच्या दुकानात हात लांब केला की मिळते. घरगुती साधनांचा आग्रह धरताना ही मागणी आधी केली पाहिजे: हे पदार्थ खाण्यापिण्याच्या बाटलीत विकता येणार नाहीत आणि मराठीत इशारा छापल्याशिवाय विकता येणार नाहीत.

त्याच डागांना घरात पर्याय आहे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. दोन चमचे लिंबूसत्त्व पेलाभर गरम पाण्यात, रात्री संडासच्या भांड्यात ओतायचं, सकाळी ब्रश फिरवायचा. ॲसिडसारखं पाच मिनिटांत होत नाही, रात्रभर लागते, पण होतं. नळाला त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा, तासाभरानं खडा बोटानं निघतो. उन्हाळ्यात लिंबू महाग होतं, तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंचेचा कोळ किंवा आंबट झालेलं ताक पुरतं. फेकायचं ताक कामी येतं, एवढी एक गोष्ट मला मनापासून आवडते.

पण इथं एक मोठा खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडले आहे. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती. मराठवाड्यात कितीतरी घरांत असते. शहाबाद कर्नाटकात, कलबुर्गीकडे, आपल्याला जवळच. एकदा मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर लिंबाचं पाणी टाकून पुसायला घेतलं. फरशीवर बारीक बुडबुडे उठले, फसफसल्यासारखे. वाटलं, मळ सुटतोय. वाळल्यावर तिथं पांढुरका, खरखरीत पट्टा उरला, तो कायमचा. शहाबादी दगड चुनखडीचा असतो. लिंबू असो, व्हिनेगर असो, चिंच असो, आम्ल त्याला खातं. कडप्पाच्या ओट्याचंही तेच, संगमरवराचंही तेच. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हे वाक्य त्या पट्ट्यानं माझ्यापुरतं खोटं ठरवलं. शहाबादीला नुसतं कोमट पाणी, हवं तर चिमूटभर सोडा, आणि कापड घट्ट पिळून.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून ‘जादूचं’ क्लीनर बनवण्याचे व्हिडिओ घरोघर फिरतात. दोन्ही एकत्र आले की खूप फेस येतो आणि डोळ्यांना बरं वाटतं. पण आम्ल आणि खार एकमेकांना संपवून टाकतात. उरतं ते जवळजवळ खारट पाणी, आणि दोन्हींतली ताकद गेलेली असते. तुंबलेल्या नळीत त्या बुडबुड्यांनी थोडं हलतं, तेवढंच. ओशटपणाला खार वापरा, डागाला आम्ल वापरा, पण वेगवेगळे.

मोसंबीच्या सालींचं ते जे ‘बायोएन्झाइम’ म्हणून चाललंय, त्याबद्दलही थोडं सांगते, कारण ही आपल्या मुलखाची गोष्ट होऊ शकते. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जालना, अंबड, पैठणच्या बाजूला हंगामात रसाच्या गाड्यांमागे सालींचे ढीग कुजत पडलेले असतात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, लिटरभर पाणी. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरायचं, वर चार बोटं जागा सोडायची, पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, आणि तीन महिन्यांनी गाळून घ्यायचं. काचेची बाटली घेऊ नका, वायूच्या दाबानं फुटते. जे तयार होतं ते मुख्यतः सालीच्या वासाचं सौम्य आम्ल असतं. एन्झाइमचं नाव मोठं असलं तरी बरंचसं काम आम्लपणाच करतो. टाइल, नळ, काच, संडासचं भांडं यांना ते पातळ करून चांगलं चालतं. शहाबादीला नाही. आणि त्यानं रोगजंतू मरतात असा दावा कुणी करू नये. गावात गॅस्ट्रोची साथ आली, घरात कुणाला जुलाब-उलट्या लागल्या, तर तिथं ब्लीचिंगच लागतं, तेही ठरलेल्या प्रमाणात आणि एकटंच. साथीच्या वेळी लिंबू आणि कडुनिंबावर विसंबून राहणं हा हट्ट आहे, आणि त्याची किंमत लहान पोरं मोजतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात दुर्लक्षित आहे. मोरीतलं पाणी जातं कुठं? शहरात उघड्या गटारीतून नाल्यात, नाल्यातून नदीत. नांदेडला गोदावरीच्या घाटावर उभं राहिलं की नाल्याच्या तोंडाशी जमलेला फेस दिसतो. गावात ते पाणी परसात जातं किंवा शोषखड्ड्यात. शोषखड्ड्यांचं काम मराठवाड्यानं महाराष्ट्राला शिकवलं, हे मी अभिमानानं सांगते. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णीनं घरोघर शोषखड्डे केले, गटारं उरली नाहीत, डास हटले, आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ते सगळीकडे गेलं. पण खड्ड्यात काय सोडायचं, हे कुणी बोललं नाही. साबणाचा लगदा आणि तेलकट खरकटं जात राहिलं की खड्डा तुंबतो. संडासच्या दोन खड्ड्यांत आणि सेप्टिक टाकीत मैला कुजवण्याचं काम जिवाणू करतात. तिथं दर आठवड्याला ॲसिड आणि फिनेल ओतलं तर ते जिवाणूच मरतात आणि टाकी लवकर भरते. मग उपशाचा खर्च वेगळा.

आणि परसातल्या मातीचं काय? ही गोष्ट मी शेतकऱ्याची मुलगी म्हणून लिहिते. मोरीचं पाणी आपण केळीला, अळूला, कर्दळीला सोडतो. काळ्या मातीत सोडियम साचत गेला की चिकणमातीचे कण विस्कटतात, वर पापडी धरते, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. साबणाच्या पावडरीत सोडियम असतो. मी वर एवढं कौतुक केलेल्या धुण्याच्या सोड्यातही सोडियमच असतो. म्हणून चमचा मोजायचा, मूठ नाही, आणि कपड्यांचं पहिलं पाणी झाडांना न देता शेवटच्या दोन खळबळींचं द्यायचं. राखेतला खार पोटॅशियमचा, त्याचं झाडाला वावडं नाही. बारीक, मऊ कपड्यांना आणि रेशमाला रिठा चांगला: दहा-बारा रिठे बिया काढून रात्री भिजवायचे, सकाळी लिटरभर पाण्यात उकळून गाळायचे. फेस कमी येतो म्हणून तो निकामी आहे असं समजू नका. हे पाणी दोन-तीन दिवसांतच आंबतं, त्यामुळे लागेल तेवढंच करायचं. पण रिठ्यातला सॅपोनिन माशांना घातक असतो, पूर्वी मासे गुंगवायला तो वापरत. शेततळ्यात मासे सोडले असतील तर रिठ्याचं पाणी तिकडे वळवू नका. झाडाला बरं ते माशाला वाईट, असंही असतं.

एक आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो खरा आहे. हे सगळं करायचं कुणी? सडा-सारवणाच्या आठवणी सांगताना गहिवरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या हातांना कधी शेण लागलेलं नाही. पहाटे उठून पाणी भरणारी, भाकरी थापून रोजानं जाणारी बाई रात्री रिठे उकळत बसणार नाही, आणि तिला तसं सांगण्याचा हक्क कुणालाही नाही. दहा रुपयांची पुडी तिचा वेळ वाचवते. म्हणून मी सुचवते ते उपाय चमचाभराचे आहेत: बादलीत सोडा, संडासात रात्री लिंबूसत्त्व. यात दोन मिनिटं जातात आणि पावडर वाचते. ज्याला वेळ लागतो, ते मोसंबीचं पाणी वगैरे, ते बचत गटांनी एकत्र करावं आणि विकावं. ‘उमेद’ अभियानातून गावोगाव गट उभे आहेत. पापड-लोणच्याच्या पलीकडे त्यांना काहीतरी हवंच आहे. फक्त बाटलीवर खरं लिहावं: कशाला चालतं, कशाला नाही, शहाबादीवर टाकू नये, जंतुनाशक नाही. आणि घासण्याचं काम घरातल्या पुरुषांनीही करावं. ज्याच्या हातात चमचा येतो, त्याला पाण्याचा हिशोब कळतो.

जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, तेही नळ रोज आला तर. मार्च संपेपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी गावांत टँकरच्या फेऱ्यांची यादी लागते. त्या २७५ लिटरमधून भांड्यांची एक घागर वाचली, कपड्यांचं एक पाणी वाचलं, तर ते टँकरवर भांडावं न लागणारं पाणी आहे. आपण ठिबकवर भाषणं करतो, ऊस किती पाणी पितो यावर वाद घालतो, आणि ते वाद झालेच पाहिजेत. पण मोरी हीसुद्धा पाणी वापरण्याची जागा आहे, आणि तिथला निर्णय आमदार-खासदारांवर अवलंबून नाही.

१ मेला गावोगाव ग्रामसभा असते, ऐन टंचाईच्या तोंडावर. तिथं पाणी तपासणाऱ्या महिलांना पुढं बोलवा, आणि प्रत्येक बोअरचा आणि विहिरीचा कठीणपणाचा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणीपट्टीच्या थकबाकीशेजारी खडूनं लिहायला सांगा. त्याखाली एक ओळ: वीस लिटरच्या बादलीला सोडा किती. आमच्या गावात हे मी या वर्षी मांडणार आहे. खडू मी घेऊन जाईन.